डाव्या कुशीवर

“डावी,” सर म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून खुर्चीत मागे रेलले. “चल, ऊठ आता. चहा आण.”

ती उठली नाही. समोरच्या पडद्यावर एका बाईच्या मेंदूचे काप एकामागून एक सरकत होते आणि तिची नजर उजव्या बाजूच्या एका फटीवर अडकली होती. डावीकडेही रक्त होतं, नव्हतं असं नाही. पण ते पातळ होतं, खालच्या अंगाला पसरून बसलेलं. उजवीकडचं रक्त थोडं होतं, पण घट्ट होतं. ती काप मागे-पुढे करत राहिली. तिला उत्तर केव्हाच मिळालं होतं. ते सरांना कसं सांगायचं नाही, एवढाच प्रश्न होता.

रिपोर्टिंगच्या खोलीत भर दुपारीही अंधार असायचा. खिडकीला जाड काळा पडदा, चाकांच्या दोन खुर्च्या, संगणकाचे दोन मोठे पडदे आणि हात गारठवणारा एसी. ती इथे गेली पंचवीस वर्षं स्कॅन वाचत होती. वॉर्डातले लोक तिला अंधारबाई म्हणत. तिला ते नाव आवडत नसे, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. पेशंट तिला ओळखत नसत. बरे झालेले पेशंट पेढे घेऊन सर्जनकडे जात, सिस्टरकडे जात, अगदी लिफ्टवाल्याकडेही जात. अंधारबाईच्या खोलीपर्यंत कुणी पोचत नसे. घरी नवरा थट्टा करायचा, “दिवसभर लोकांच्या डोक्यात डोकावतेस आणि माझ्या डोक्यात काय चाललंय ते तुला कळत नाही.” ती म्हणायची, “काही चालत असेल तर दिसेल ना.”

तिचं खास काम म्हणजे फुगा शोधणं. मेंदूच्या तळाशी एखाद्या रक्तवाहिनीला फुगा येतो. वर्षानुवर्षं तो गुपचूप बसून राहतो आणि एके दिवशी, कपबशा विसळताना म्हणा, जिना चढताना म्हणा, फुटतो. मग ते रक्त मेंदूच्या फटीफटींत शिरतं आणि स्कॅनवर पांढरं दिसतं. कुठल्या फटीत किती दाटलंय त्यावरून फुगा कुठला ते ओळखायचं. पुढे मधोमध दाटलं तर फुगा मधला, कानाच्या वरच्या फटीत दाटलं तर त्या बाजूचा. रक्तवाहिन्यांचा दुसरा स्कॅन केला की फुगा उघडच दिसतो, मग एवढी डोकेफोड कशाला, असं नव्या डॉक्टरांना वाटतं. पण कधीकधी फुगे दोन निघतात. तेव्हा त्यांतला फुटला कोणता हे फक्त सांडलेलं रक्त सांगू शकतं.

हे सगळं तिला सरांनी शिकवलं होतं. “साचलेलं बघू नकोस, गोठलेलं बघ,” ते म्हणायचे. “जिथे फुटतं तिथे गाठ बसते. बाकीचं रक्त उतार मिळेल तिकडे जातं. माणूस ज्या कुशीवर पडून असेल तिकडे साचतं. म्हणून आधी बाहेर जा आणि घरच्यांना विचार, कसा पडला होता? कुठल्या कुशीवर?” विभागातले बाकीचे डॉक्टर खुर्ची सोडत नसत. ती मात्र अजूनही अशी केस आली की उठून बाहेर जायची आणि विचारायची.

आजही गेली होती. बाकावर बाईचा नवरा बसला होता. पावाच्या भट्टीवर काम करणारा माणूस. भुवयांत पीठ तसंच होतं. निघताना तोंड धुवायचंही सुचलं नसावं.

“ह्या तीन दिवसांत त्या कशा झोपल्या होत्या?” तिने विचारलं.

“झोपली कुठे हो. पडूनच होती. डाव्या कुशीवर.” तो उठून उभा राहिला. “उजवीकडे खिडकी आहे ना, उजेड डोळ्यांत जायचा. म्हणून भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं जरा कूस बदल, तर म्हणे मला हलवू नकोस. मलाही वाटलं, डोकंच दुखतंय, उतरेल.”

“डावीच ना? नक्की?”

“नक्की. तिच्या डाव्या गालावर उशीचे वळ उठलेत. बघा हवं तर.” मग त्याने घाईघाईने विचारलं, “ह्याचा काही उपयोग होतो का, मॅडम?”

“खूप होतो,” ती म्हणाली होती. आणि ते खरं होतं. डावीकडचं पातळ रक्त का साचलं ते तिला त्या एका वाक्याने कळलं. रक्तवाहिन्यांच्या स्कॅनवर दोन फुगे होते, डावीकडे मोठा आणि उजवीकडे लहानसा. कुणालाही मोठाच गुन्हेगार वाटला असता. पण गाठ उजवीकडे होती. फुटला होता तो लहानगा.

खोलीत परत आल्यावर तिने सरांना मुद्दाम सांगितलं होतं, “सर, बाई तीन दिवस डाव्या कुशीवर होती हं.” आपण होऊन उत्तर हातात ठेवावं तसं. तरीही सर डावी म्हणाले.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, होत्या तोवर ते महिन्यातून एखादी चक्कर मारायचे. काकू गेल्या आणि ते रोज यायला लागले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, सकाळी बरोबर कामाच्या वेळी दारात हजर. अधीक्षकही त्यांचाच विद्यार्थी. “येतात तर येऊ देत,” एवढंच तो म्हणाला. दोघांचा जुना खेळ पुन्हा सुरू झाला. साधा स्कॅन बघून फुगा कुठला ते आधी सरांनी सांगायचं, मग तिने. हरेल त्याने तळमजल्यावरच्या कँटीनमधून चहा आणायचा. ती शिकत होती तेव्हा दोन वर्षं एकटीनेच चहा वाहिला होता. ज्या दिवशी सरांनी पहिल्यांदा तिच्यासाठी चहा आणला, त्या दिवशी तिला डिग्री मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

काकू गेल्या त्या वर्षी सर लागोपाठ तीनदा चुकले. तिसऱ्यांदा तिने सहज म्हटलं, “सर, हा तर मधला आहे,” आणि त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. ते चहा आणायला गेले ते आलेच नाहीत. पुढचे काही दिवसही आले नाहीत. ती घरी बघायला गेली तर दाढी वाढलेली, पायजम्यातच बसलेले, टेबलावर पाव सुकून गेलेला. म्हणाले, “माझ्याकडे तेवढंच एक उरलं होतं गं.”

त्यानंतर ती हरायला लागली. सर म्हणतील ते, “हो सर, तुमचंच बरोबर.” चहा आणायला म्हणून बाहेर जायचं आणि जिन्यातूनच सर्जनला फोन करून खरं काय ते सांगायचं. रिपोर्टमध्ये खरं लिहायचं. सर रिपोर्ट वाचत नसत. त्यांना फक्त चहा लागायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. झाकली मूठ होती आणि ती मूठ तिची एकटीची होती.

“काय गं, गप्प का?” सर म्हणाले. “पटत नाही का?”

“हो सर, डावीच,” ती मोठ्याने म्हणाली. “हरले मी.”

मागे दार उघडलं आणि मिटलं. बाहेरचा उजेड क्षणभर भिंतीवर येऊन गेला. ते दार दिवसभर असंच उघडत-मिटत असे, त्यामुळे तिने वळून बघितलं नाही.

सर उठले. टेबलाला धरून उभे राहिले आणि इकडेतिकडे बघायला लागले. “चहा राहू दे आज,” ते म्हणाले. “मी निघतो. उशीर झाला तर ती जेवायची थांबते.”

“कोण, सर?”

“कोण म्हणजे? काकू तुझी.”

चुकीचा फुगा सांगणं वेगळं आणि हे वेगळं. तिने त्यांचा हात धरला, त्यांना लिफ्टने खाली नेलं, फाटकापर्यंत सोबत केली. टॅक्सीवाल्याला पत्ता दोनदा सांगितला. सर खिडकीतून म्हणाले, “वर जा तू, तुझी कामं खोळंबली असतील,” आणि हे अगदी शहाण्यासारखं म्हणाले. टॅक्सी वळेपर्यंत ती तिथेच उभी होती. सरांच्या मुलाला परगावी फोन लावला, त्याने उचलला नाही. मग ती वर गेली आणि रिपोर्ट लिहिला. फुटलेला फुगा उजवा, लहान. डावा मोठा आहे पण फुटलेला दिसत नाही. सही केली आणि सर्जनला फोन लावला.

मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार मेंदूपर्यंत चढवायची आणि फुगा आतून तारेच्या वेटोळ्याने भरून टाकायचा, असं काम करणारा तो डॉक्टर. सगळे त्याला तारवाला म्हणत. फोन सिस्टरने घेतला.

“मॅडम, डॉक्टर आत आहेत. केस सुरू झाली.”

“रिपोर्ट टाकलाय. बघायला सांगाल?”

“सांगते की.”

तिने फोन ठेवला. रिपोर्ट लिहिलाय, सिस्टर सांगणार आहे, तारवाला शहाणा आहे, बघेलच. तिच्या डोक्यात टॅक्सीच्या खिडकीतले सर होते. पाच वाजता पर्स उचलून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच बाईचा नवा स्कॅन पडद्यावर आला.

तिने पहिला काप उघडला आणि तिचा हात माउसवरच थांबला. डाव्या बाजूला तारेचं वेटोळं झगझगत होतं, सगळीकडे किरणं फेकत. उजवी बाजू रक्ताने भरून गेली होती. ताजं रक्त, ढीगभर, मेंदूला मधल्या रेषेपलीकडे ढकलणारं. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. फुटलेला फुगा बंद झाला असं समजलं की मेंदूला रक्त नीट पोचावं म्हणून रक्तदाब मुद्दाम चढवतात. स्कॅनच्या कागदावर लिहिलं होतं, बाईचा हात सकाळी लुळा पडायला लागला होता, म्हणून त्यांनी दाब चढवला होता. नियमाप्रमाणेच केलं होतं सगळं. फक्त फुटलेला फुगा उघडा राहिला होता.

“हा काय प्रकार?” शेजारच्या खुर्चीतून सर म्हणाले. ते सकाळी नेहमीसारखे आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कालचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. ते पुढे वाकले. “अगं, ह्या शहाण्याने उजवा सोडून डावा का भरला? कुणी सांगितलं त्याला डावा?”

“माहीत नाही, सर.”

“कमाल आहे. बाई गेली की आता.”

ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. बाई त्या संध्याकाळी गेली.

अधीक्षकाकडे ती स्वतःहून गेली. तारवाला तिथे आधीच बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून. “मॅडम, मी दारात उभा होतो,” तो म्हणाला. “मी माझ्या कानांनी ऐकलं. दोघं डावी म्हणालात. फुगाही डावा मोठा होता. मी लगेच धावलो. सिस्टरने मला रिपोर्ट आलाय एवढंच सांगितलं, मला वाटलं तेच असणार. मी उघडून बघितला नाही.”

अधीक्षकाने हात वर केला. “इथे आता काही बोलू नका. मृत्यूच्या बैठकीत जे व्हायचं ते होईल. तोपर्यंत घरच्यांशी कुणी एक शब्द बोलायचा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत.”

बाहेर आली तर भट्टीवाला तिची वाट बघत होता. आज त्याच्या भुवयांत पीठ नव्हतं. हातात बायकोची पिशवी होती, तिच्यातून टॉवेलचं टोक बाहेर आलेलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “त्या वॉर्डातल्या सिस्टर आपसात बोलत होत्या. डावा बंद केला आणि फुटला उजवा, असं.” त्याने टॉवेलचं टोक आत ढकललं. “मी तुम्हाला डावी कूस म्हणालो होतो ना. म्हणून डावा केला का? माझं ऐकून?”

तिने तोंड उघडलं. मागे अधीक्षकाचं दार उघडं होतं आणि तो तिच्याकडे बघत होता.

“तुम्ही आत्ता घरी जा,” ती म्हणाली. “आपण नंतर बोलू.”

“मी तर नक्की सांगितलं होतं,” तो म्हणाला. “गालावर वळ होते. पण ती रात्रीत कधी वळली असेल आणि मला झोपेत कळलं नसेल, तर? भट्टीवरून आलो की मी मेल्यासारखा झोपतो.”

“नंतर बोलू,” ती पुन्हा म्हणाली आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला शिसारी आली.

घरी ती जेवली नाही. नवऱ्याने थट्टा करायचा प्रयत्न केला आणि तिचा चेहरा बघून सोडून दिला. मग तिने त्याला सगळं सांगितलं.

“तू म्हाताऱ्याचं मन राखलंस,” तो म्हणाला. “चांगलंच केलंस. पण कुणाच्या जिवावर राखलंस ते बघ.”

“बैठकीत खरं सांगितलं तर सर मरतील.”

“आणि तो भट्टीवाला?”

त्याने ताटं उचलली.

मृत्यूची बैठक, म्हणजे दगावलेल्या पेशंटच्या केसची चर्चा, सरांनीच सुरू केली होती, विभागप्रमुख असताना. इथे कुणाला फाशी द्यायची नाही, फक्त खरं बोलायचं, हा नियमही त्यांचाच. निवृत्तीनंतरही ते बैठक चुकवत नसत. मागच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची त्यांची ठरलेली. आजही ते तिथेच होते, पेन हातात घेऊन. ती पुढे बसली होती आणि तिच्या पाठीला त्यांची नजर जाणवत होती.

तारवाल्याने सगळं सांगितलं. स्वतःची चूक लपवली नाही. रिपोर्ट उघडला नाही हे दोनदा म्हणाला. मग अधीक्षकाने तिच्याकडे बघितलं.

“मॅडम, रिपोर्टमध्ये उजवा आहे. तोंडी तुम्ही डावा म्हणालात. असं का?”

तिला वाटलं, आत्ता मागे वळून बघितलं तर आपल्याच्याने खोटं बोलवणार नाही. ती वळली नाही.

“आधी मला डावा वाटला,” ती म्हणाली. “मोठा होता, रक्तही होतं. लिहिताना पुन्हा बघितलं तेव्हा उजवा दिसला. मत बदललं तर ते मी स्वतः जाऊन सांगायला हवं होतं. चूक माझी आहे.”

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. तिने रेटून सांगितलं. दोन-तीन माना हलल्या. कुणीतरी कागदावर लिहून घेतलं. पंचवीस वर्षांत जमवलेलं नाव त्या एका ओळीत गेलं हे तिला कळलं, आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटत होतं ते भट्टीवाल्याचं. एवढं करूनही त्याच्या डोक्यातलं ओझं उतरणार नव्हतं. त्याला काय सांगणार होते? गुंतागुंत झाली. अधीक्षकाचा शब्द तयारच होता.

“पहिला स्कॅन लावा जरा,” मागून आवाज आला.

सर उठले होते. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ते पुढे आले. कुणीतरी स्कॅन लावला. सर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापाशी गेले, इतके जवळ की त्यांची सावली त्या बाईच्या मेंदूवर पडली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. एकेक फट निरखत राहिले. अधीक्षक चुळबुळला.

“ही बाई डाव्या कुशीवर होती,” सर हळूच म्हणाले. “कुणीतरी मला सांगितलं होतं. डाव्या कुशीवर, तीन दिवस.” ते तिच्याकडे वळले. “तूच सांगितलंस.”

“सर, बसा ना.”

“डावीकडे नुसतं साचलंय. गाठ इथे आहे.” त्यांनी उजवीकडे बोट ठेवलं. जागा बरोबर होती. “पहिल्या वर्षाच्या पोराला दिसेल. हिला डावी वाटली? हिला?” ते सगळ्यांकडे बघून बोलायला लागले. “हिला मी शिकवलंय. हिला डावी वाटणं शक्य नाही. मीच म्हणालो डावी. मी म्हणालो आणि ही हो म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली.”

ती मान खाली घालून बसली होती.

“किती दिवस चाललंय हे?” सरांनी तिला विचारलं.

“सर...”

“किती दिवस? इथे खरं बोलायचं असतं.”

“काकू गेल्यापासून,” ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. हिशेब जुळल्यासारखी. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, उगाच बघितलं आणि परत ठेवलं. “म्हणजे मी एकदाही जिंकलो नव्हतो,” ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं. मग ते दाराकडे चालायला लागले, आणि कुणाला त्यांना थांबवायचं धैर्य झालं नाही.

बैठक तशीच आटोपली. अधीक्षक तिच्याजवळ येऊन म्हणाला, “सरांना आता खोलीत येऊ देता येणार नाही. समजून घ्या.” समजून घ्यायला काही उरलं नव्हतं.

खोलीत परत येऊन ती अंधारात बसली. पडदे चालू केले नाहीत. सरांना शोधायला जावं असं मनात होतं पण पाय उठत नव्हते. घरी तरी नीट पोचतील का? मुलाला फोन लावावा म्हणून तिने पर्स ओढली तेवढ्यात दार उघडलं. सर होते. हातात ट्रे होता आणि त्यावर चहाचे दोन कप. तळमजल्यापासून जिना चढून आले होते, लिफ्ट सोडून. निम्मा चहा ट्रेमध्ये सांडला होता आणि शर्टाच्या बाहीवर डाग पडला होता. त्यांना धाप लागली होती.

“हरणाऱ्याने आणायचा,” ते म्हणाले.

तिने ट्रे घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. स्वतःच एक कप उचलून तिच्यासमोर ठेवला. दुसरा कप ट्रेमध्येच राहू दिला.

“तिचा नवरा बाहेर बाकावर आहे,” ते म्हणाले. “मृत्यूचा दाखला न्यायला आलाय. त्याला कुणी सांगितलंय का?”

“नाही. त्याला वाटतंय...” तिने पर्स बाजूला सरकवली. “त्याला वाटतंय त्याने कूस चुकीची सांगितली. म्हणून आपण डावा केला.”

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग होता, आणि तो तिच्यावर होता. इतक्या वर्षांत ते तिच्यावर असे कधी रागावले नव्हते.

“हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तरी तू तिथे माझी अब्रू झाकत बसलीस.”

ते ट्रे घेऊन बाहेर गेले. ती मागोमाग निघाली. व्हरांड्यात उजेड इतका होता की तिला डोळे बारीक करावे लागले. भट्टीवाला बाकाच्या कडेला बसला होता, मांडीवर तीच पिशवी. अनोळखी म्हाताऱ्याने चहा पुढे केलेला बघून तो गोंधळून उठायला लागला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

“तुम्ही डावी कूस सांगितलीत,” सर म्हणाले. “ते बरोबर होतं.”

“मी झोपेत असताना ती वळली असेल तर?”

“नाही वळली. स्कॅनमध्ये दिसतं. तीन दिवस ती तशीच होती, तुम्ही म्हणालात तशी. तुमचं ऐकलं असतं तर ती वाचू शकली असती. तुमचं मीच ऐकलं नाही.”

भट्टीवाल्याने कप दोन्ही हातांत धरला होता. तो पीत नव्हता. “तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

सर थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि क्षणभर तिला भीती वाटली की ते पुन्हा हरवले.

“मी कुणी नाही,” ते म्हणाले. “मी फक्त डावी म्हणालो होतो.”

“आणि मी हो म्हणाले,” ती म्हणाली. “मला माहीत होतं ती डावी नाही. तरी म्हणाले.”

भट्टीवाला आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. आता हा ओरडेल, कप फेकून मारेल, असं तिला वाटलं, आणि त्याने तसं करावं अशी तिची इच्छाही होती. त्याने तसं काही केलं नाही. कप बाकावर ठेवला. पिशवीचं तोंड उघडलं, टॉवेल काढला, घडी केली, पुन्हा आत ठेवला. मग डावा तळवा गालाला लावून, मान थोडी कलती करून तो भिंतीकडे बघत बसला.

बाकावर जागा होती, पण ती बसली नाही. सरांच्या शेजारी उभी राहिली. चहा गार होत गेला, वर साय धरली, आणि तिघांपैकी कुणी त्याला हात लावला नाही.